न आलेली चार प्रकरणं

आईच्या तेव्हाच्या वयाला मी आता पोचले आहे. त्यामुळे असेल, पण हायडेलबर्गचं ते घर हल्ली वरचेवर आठवतं, आणि आठवतं तेही डोळ्यांना नाही, कानांना. खालच्या मजल्यावर आम्ही तिघं आणि वर घरमालकीणबाई. त्यांच्या सपातांचा आवाज आमच्या छतावरून फिरायचा. मी अभ्यासाला बसले असले तरी त्या आत्ता स्वयंपाकघरात आहेत की खिडकीपाशी, हे मला न बघता सांगता यायचं. बाबा तिथल्या एका संशोधन संस्थेत होते. सकाळी सायकलवरून जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. आईला तिच्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. कराडला असताना तिनं टायपिंगच्या तीसच्या आणि चाळीसच्या सरकारी परीक्षा दिल्या होत्या, लग्नाआधी कोर्टात दोन वर्षं नोकरीही केली होती. इथे तिला दिवसभर करायला काही नव्हतं. त्यामुळे ती वर जायची.

घरमालकीणबाईंचं नाव रत्ना. जावा बेटावरच्या. तरुणपणी नर्सिंग शिकायला जर्मनीत आल्या आणि इथल्याच दवाखान्यातून निवृत्त झाल्या. 'इबू' म्हणजे त्यांच्याकडे आई, किंवा आदरानं बाई. मी त्यांना इबू म्हणायचे. आईनं पहिल्याच आठवड्यात त्यांची रत्नाताई करून टाकली. दोघींची मैत्री दाण्याच्या कुटावरून जमली. इबू दाण्याचा दाट सॉस करायच्या, त्यात चिंच, गूळ, मिरची, आणि तो उकडलेल्या भाज्यांवर ओतायच्या. आई म्हणाली, "अगं, ही तर आपली दाण्याची आमटीच की! फक्त उपासाची नाही." तिनं शेंगदाण्याची चटणी नेऊन दिली, तिकडून तळलेले क्रुपुक आले. आपल्या सांडग्या-पापड्यांच्या कुळातले, पण मासळीचा वास असलेले. आई ते खायची नाही, तळून मात्र द्यायची. दोघी आईला झेपेल अशा मोडक्या जर्मनमधून बोलायच्या, आणि मधूनच एखादा शब्द असा निघायचा की दोघी थबकायच्या. नामा म्हणजे नाव. सुआरा म्हणजे आवाज. दोसा म्हणजे पाप. दुका म्हणजे दुःख. साक्सी म्हणजे साक्षीदार. मी वैजयंती, पण इबूंनी मला जया केलं, कारण तो शब्दही त्यांच्याकडे होताच. त्या आपल्या भाषेत फोनवर बोलायला लागल्या की मला काहीच कळायचं नाही, आणि मग धुक्यातून दिवा दिसावा तसा एखादा शब्द ओळखीचा निघायचा. बहुतेक वेळा तो 'दुका' असायचा.

इबूंच्या नवऱ्याचं नाव बागुस. ते तिकडे उत्तर किनाऱ्यावरच्या एका मिठागराच्या गावात शिक्षक होते. इबू शिकायला आल्या तेव्हा दोन-तीन वर्षांनी परतायचं ठरलं होतं. बागुस दर महिन्याला विमानाच्या पातळ निळ्या कागदावर पत्र लिहायचे, आणि पत्राबरोबर स्वतः लिहीत असलेल्या कादंबरीचं एकेक प्रकरण उतरवून पाठवायचे. हस्तलिखित त्यांच्याजवळ, नक्कल इबूंजवळ. सतरा प्रकरणं आली. मग तिकडे सत्ता पालटली, लष्कर आलं, धरपकड झाली. जी माणसं रेडिओवर किंवा शाळेत चुकीच्या बाजूची होती ती नाहीशी झाली. पत्रं थांबली. इबू वकिलातीत पासपोर्टाची मुदत वाढवायला गेल्या तर त्यांनी पासपोर्ट ठेवून घेतला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. पुढची कित्येक वर्षं त्या कुठल्याच देशाच्या नव्हत्या. आउसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, त्यांच्या कागदावर देशाच्या रकान्यात एक रेघ असायची. बागुस कुठे गेले ते कोणीच सांगितलं नाही. शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, अजून चार प्रकरणं आहेत, लिहून झाली आहेत, नक्कल करायची राहिली आहे.

महिन्यातून एका रविवारी दुपारी वरच्या दिवाणखान्यात आठ-दहा माणसं जमायची. फ्रँकफर्टहून, कोलोनहून, मानहाइमहून. बहुतेक इबूंसारखीच, देश मागे राहिलेली, केस पिकलेली. ती जेवायला जमत नसत, वाचायला जमत. कोणी कविता आणायचं, कोणी पिवळ्या पडलेल्या मासिकातली गोष्ट. आता तिकडची राजवट बदलली होती, बंदी असलेली पुस्तकं दुकानांत दिसायला लागली होती, पण ही माणसं अजूनही पुस्तक पिशवीतून काढण्याआधी दाराकडे बघायची. मी एकदा इबूंना विचारलं, गोष्टींना सरकार कशाला घाबरेल? त्या म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे असं बघ जया, आमच्याकडे पुस्तक लोकांपर्यंत जायच्या आधी सरकार ते वाचायचं. अक्षर न् अक्षर. पुस्तक जवळ सापडलं म्हणून कॉलेजातली मुलं तुरुंगात गेली. इतकं मन लावून आम्हाला दुसऱ्या कुणीच वाचलं नाही."

राजवट बदलल्यावर इबूंनी बागुस यांची कादंबरी या मंडळींना वाचून दाखवायला सुरुवात केली होती. दर बैठकीला एक प्रकरण. त्याआधी ती प्रकरणं त्यांनी कुणालाही दाखवली नव्हती. सासरच्या माणसांना त्रास होईल ही भीती. नक्कल त्या कुणाला करू देत नसत. मला त्यांनी गोष्ट जर्मनमध्ये थोडक्यात सांगितली होती, ती अशी: मिठागराच्या गावातून माणसं नाहीशी होऊ लागतात. कोण नेतं, कुठे नेतं, कोणी बोलत नाही. पण रोज पहाटे मिठाच्या पांढऱ्या थरावर अनवाणी पावलांचे ठसे उमटलेले असतात आणि बायका ते ओळखतात. हा माझ्या भावाचा, याचं करंगळीचं बोट नाही. हा शेजाऱ्याचा, तो टाच ओढायचा. मग वरून हुकूम येतो, आणि सूर्य वर यायच्या आत ते ठसे पुसून काढण्यासाठी एक माणूस दाताळं घेऊन नेमला जातो. तोही त्याच गावचा. ही गोष्ट ऐकल्यावर कितीतरी दिवस मी पहिल्या बर्फात पाय ठेवायला कचरत होते.

बैठकीला आई आणि मी असायचोच. आई वडे करून न्यायची, मी कॉफी द्यायचे. मला भाषा येत नव्हती, त्यामुळे वाचन चालू असताना मी माणसांचे चेहरे बघत बसायचे. सगळ्यात बघण्यासारखा चेहरा पाक दर्मो यांचा. पाक म्हणजे आपल्याकडे काका म्हणतात तसं. मानहाइमला एका कारखान्याच्या गोदामात कारकून होते, आता निवृत्त. एशियाशॉपमध्ये बैठकीची चिठ्ठी लावलेली होती, ती वाचून वर्षभरापूर्वी आले होते. कधी स्वतः काही वाचायचे नाहीत. मागच्या खुर्चीवर, हात गुडघ्यांवर ठेवून, मान किंचित खाली घालून ऐकायचे. सगळ्यांना ते आवडायचे. इबू म्हणायच्या, असा ऐकणारा मिळायला नशीब लागतं.

थंडीतल्या एका रविवारी माझ्या लक्षात आलं की त्यांचे ओठ हलताहेत. त्यात नवल नव्हतं, आपल्याकडेही पोथी ऐकताना बायकांचे ओठ हलतात. पण बायकांचे ओठ पोथीच्या मागून जातात. पाक दर्मोंचे पुढून जात होते. आधी ओठ मिटायचे आणि मग इबूंच्या तोंडून 'म' यायचा. आधी ओठ गोल व्हायचे, मग 'ओ' यायचा. मी आधी याचं हसू आल्यासारखं बघत होते. नंतर हसू गेलं. खोलीत इबूंचा आवाज होता, आणि त्या आवाजाच्या एक पाऊल पुढे दुसरं कुणीतरी चालत होतं.

मंडळी गेल्यावर कप विसळताना मी इबूंना ते सांगून टाकलं. मला वाटलं त्यांना गंमत वाटेल. आज मागे वळून बघताना वाटतं, तोंड बंद ठेवलं असतं तर किती जणांचे रविवार वाचले असते. पण सोळाव्या वर्षी जे दिसतं ते सांगावंसंच वाटतं.

इबूंनी नळ बंद केला. "नक्की बघितलंस?"

"गेनाऊ. तुमच्या आधी हलतात. प्रत्येक शब्दाला."

"हे प्रकरण मी आज पहिल्यांदा वाचलं, जया. चाळीस वर्षांत कुणासमोरही नाही."

त्या टॉवेलला हात पुसत राहिल्या, हात कोरडे झाले तरी. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अपेक्षित नव्हतं. आनंद होता तो. त्या हळूच म्हणाल्या, "तो बागुसबरोबर तुरुंगात असेल. बागुसनं त्याला सांगितली असेल. तोंडी. रोज थोडी थोडी." आणि मग, जवळजवळ स्वतःशीच: "मग त्याला पुढचीही माहीत असेल."

तो महिना इबू वेगळ्याच होत्या. वरच्या सपाता लवकर उठायच्या. त्यांनी केस कापून घेतले, पडदे धुतले. आईला म्हणाल्या, या खेपेला वडे जास्त करा. पाक दर्मोंना फोन करून विचारायचं धाडस मात्र त्यांनी केलं नाही. विचारलं आणि 'नाही' आलं तर?

त्या रविवारी नेकार नदीवरचं धुकं वर सरकत आमच्या गल्लीपर्यंत आलं होतं. खिडकीतून समोरचं घर दिसत नव्हतं, ट्राम नुसती ऐकू येत होती. भर दुपारी दिवे लावावे लागले. इबूंनी सतरावं प्रकरण काढलं, त्यांच्याजवळचं शेवटचं. मला त्यांनी पाक दर्मोंच्या समोर बसवलं होतं. त्या वाचू लागल्या, आणि मागच्या खुर्चीवरचे ओठ त्यांच्या पुढे चालू लागले. शेवटच्या पानाला आल्या. शेवटचं वाक्य वाचलं. निळा कागद मांडीवर उलटा ठेवला आणि गप्प बसल्या. इतर लोक टाळ्या वाजवणार होते, इबूंनी नुसता हात वर केला. कोणीच हललं नाही.

आणि पाक दर्मो पुढे बोलू लागले.

त्यांचे डोळे उघडे होते, पण आमच्यापैकी कुणाकडेही नव्हते. आवाज सपाट. चढ नाही, उतार नाही, कुठे श्वास घ्यायला थांबणं नाही. मला 'सुआरा' कळला, एकदा 'दोसा' कळला, आणि एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, तितिक. थोडं बोलले की तितिक, पुन्हा थोडं की तितिक. मला वाटलं हे गोष्टीतल्या एखाद्या मुलीचं नाव आहे आणि तिला कोणीतरी हाका मारतंय. पण पहिल्या तितिकलाच इबूंचा चेहरा बदलला होता. तितिक म्हणजे पूर्णविराम. तुरुंगात रोज थोडी थोडी गोष्ट सांगणारा माणूस पूर्णविराम सांगत नाही.

तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं. ती मराठीत कुजबुजली, "अगं, त्यांचे हात बघ. हे टाइप करताहेत."

मी खाली पाहिलं. गुडघ्यांवर दहाही बोटं चालली होती, पँटच्या कापडावर, बारीक, भराभर. आणि ठरावीक वेळानं डावा हात उचलला जायचा, हवेत उजवीकडे सरकायचा आणि परत गुडघ्यावर यायचा.

"कॅरेज सरकवताहेत," आई म्हणाली. "ओळ संपली की सरकवतात तसं. मी दोन वर्षं हेच केलंय." तिनं हे मला सांगितलं, पण खोलीत इतकी शांतता होती की सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं, आणि मग आमच्या नजरेच्या रोखानं त्या गुडघ्यांकडे. भाषा कळायची गरज कुणालाच पडली नाही.

इबूंनी त्यांचं पान संपू दिलं. पुढे त्या दोघांत जे बोलणं झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मी फक्त आवाज ऐकले.

"कुठे टाइप केलंत?"

"लष्कराच्या कचेरीत. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो."

"किती प्रती?"

"पाच. एक वरची, चार कार्बन."

"आणि त्याचे मूळ कागद?"

"शेगडीत. हुकूम होता. मीच टाकले. पुढे प्रतीही जाळल्या, त्याही मीच."

"आणि तो?"

"त्याला मी पाहिलं नाही, इबू. माझ्या टेबलावर फक्त कागद यायचे."

पाक तोहिर म्हणून एक उंच गृहस्थ होते, कोलोनचे. त्यांचा भाऊ त्याच वर्षी नाहीसा झालेला. ते उठले आणि त्यांनी पाक दर्मोंची टोपी आणि कोट आणून त्यांच्या मांडीवर टाकला. पाक दर्मो निमूट निघून गेले. जिन्यावर त्यांची पावलं वाजली नाहीत, किंवा मला ऐकू आली नाहीत. ते कसे आले, का येत राहिले, हे त्यांनी जाता जाता दारात एकाच वाक्यात सांगितलं, मला, जर्मनमध्ये, कारण दार मी उघडलं होतं: "दुकानातल्या चिठ्ठीवर त्याचं नाव वाचलं आणि बोटं हलायला लागली, ती थांबवता येईनात."

इबू आठ दिवस खाली आल्या नाहीत. सपातांचा आवाज खिडकीपाशी जायचा आणि तिथेच थांबायचा. नवव्या दिवशी त्यांनी मला वर बोलावून मानहाइमचा नंबर फिरवायला सांगितला. पाक तोहिरना हे कळलं तेव्हा ते फोनवर इतक्या मोठ्यानं बोलले की मला पलीकडच्या खुर्चीवर ऐकू येत होतं. इबूंनी नंतर अर्थ सांगितला. ते म्हणाले होते, त्या बोटांचं लिहिलेलं तू वाचणार? आणि इबूंनी उत्तर दिलं होतं, त्या बोटांखेरीज ते आता कुठेच नाही. त्यानंतर ती बैठक पुन्हा भरली नाही. चार प्रकरणांसाठी इबूंनी तीस वर्षांची माणसं सोडली. वजन करून सोडली, हे मी त्यांच्या जवळ बसून पाहिलं आहे.

पाक दर्मो मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी यायचे. इबूंना त्यांच्याबरोबर एका खोलीत बसवेना, म्हणून टेबल आमच्या पुढच्या खोलीत टाकलं आणि शाळेतून आल्यावर मी तिथे बसायचे. बाबांना हे पसंत नव्हतं. "परक्यांच्या भानगडीत पोरीला कशाला?" असं ते आईला म्हणाले. आई म्हणाली, "अहो, ती नुसती बसते. कुणीतरी बसायला हवं." आधी बाबांचा लॅपटॉप दिला, पण त्यावर पाक दर्मोंना एक ओळही येईना. ओळ आपोआप संपते, हात सरकत नाही, आणि हात सरकला नाही तर पुढचं वाक्य येत नाही. मग आईनं फ्लोमार्क्टवरून, जुन्या वस्तूंच्या बाजारातून, एक जुना टाइपरायटर शोधून आणला. त्यावर बोटं ठेवल्याबरोबर प्रकरण सुरू झालं, जणू मधली चाळीस वर्षं कुणीतरी शाईची फीत बदलत होतं.

पण मशीन जर्मन होतं. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा उलट असतात. त्यांच्या बोटांना ते माहीत नव्हतं आणि ती शिकायला तयार नव्हती. त्यांच्या भाषेत वाय पावलोपावली येतो. 'साया' म्हणजे 'मी'. गोष्ट त्या दाताळेवाल्याच्या तोंडून सांगितलेली, म्हणजे पानभर 'मी', आणि प्रत्येक 'मी' चुकीचा उमटलेला. पान निघालं की मी पेन्सिलीनं झेड खोडून वाय करायचे. एका भाषेतला एकच शब्द, शेकडो वेळा. आजही मला ती भाषा येत नाही, पण तो शब्द झोपेत लिहिता येईल.

ते बोलायचे नाहीत. कॉफी प्यायचे, बशी खिडकीत ठेवायचे, बोटं मोडायचे आणि सुरू व्हायचे. वर इबू असायच्या. टाइपरायटर चालू असेतो वरून कसलाच आवाज यायचा नाही, आणि इकडे हात थांबले की वर एक फळी करकरायची. आई म्हणायची, तिला ती खोली त्या वेळी थंड वाटते, म्हणून ती स्वयंपाकघरात बसायची. मला थंड वाटायची नाही. मला वाटायचं की खोलीत तिसरं कोणीतरी आहे आणि ते आम्हा दोघांनाही सांगतंय, फक्त त्याचं म्हणणं मी सोडून सगळ्यांना कळतंय.

एका पानावर त्यांनी मध्येच कंस करून काहीतरी लिहिलं. इबूंनी पान वर वाचलं आणि ते घेऊन पहिल्यांदाच खाली आल्या, दारात उभ्या राहिल्या. कंसात लिहिलं होतं, 'दोन शब्द वाचता येत नाहीत, डाग.' कचेरीत असंच लिहायचा नियम होता.

"कसला डाग?" इबूंनी जर्मनमध्ये विचारलं. मला कळावं म्हणून असेल, किंवा आपल्या भाषेत विचारवलं नसेल.

पाक दर्मोंनी बराच वेळ रोलरकडे पाहिलं. "पाण्याचा," ते म्हणाले. "मी तेव्हा असंच ठरवलं होतं."

आणखी एकदा इबू एका वाक्याखाली रेघ मारून आल्या. "हे बागुसचं नाही."

पाक दर्मोंनी वाचलं, आणि कानापर्यंत लाल झाले. "नाही. त्याचं वाक्य व्याकरणात चुकलं होतं. मी सुधारलं. तेव्हाच." मग त्यांनी कागद परत मशीनमध्ये चढवला आणि ते वाक्य चुकीसकट पुन्हा टाइप केलं. इबूंनी ते वाचलं आणि दाराच्या चौकटीला धरून त्या एकदम हसल्या. "ही चूक तो नेहमी करायचा. प्रेमपत्रातसुद्धा!" त्या दोघांना एकत्र मी तेवढंच एकदा हसताना पाहिलं. लगेच दोघांनाही त्याची लाज वाटली.

वसंत आला, खिडकीखाली ट्युलिप उमलले आणि एका शुक्रवारी एकविसावं प्रकरण संपलं. त्याचा शेवट असा: एके पहाटे दाताळेवाला मिठागरावर जातो तर सगळा पांढरा थर पावलांनी भरलेला. रात्रीच गावातली उरलेली सगळी माणसं, पोरंबाळं, म्हातारे, अनवाणी त्यावरून चालून गेलेले असतात. गेलेल्यांचे ठसे कुठले आणि असलेल्यांचे कुठले, हे आता त्याला ओळखता येत नाही. तो दाताळं खाली ठेवतो. एवढंच. पुढे तितिक.

इबू खाली आल्या. शेवटचं पान त्यांनी उभ्यानं वाचलं. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या कचेरीत पानाच्या तळाशी टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असायची ना?"

"असायची. बारीक लिपीत. दोन अक्षरं."

"मग इथेही घाला."

पाक दर्मोंचे हात मांडीवर गेले. "इबू, ते जबाबदारी कुणाची हे कळावं म्हणून असतं."

"मला माहीत आहे ते कशासाठी असतं."

बाहेर ट्राम गेली, दुसरी गेली. चार पूर्ण प्रकरणं न अडखळता टाइप केलेला माणूस दोन अक्षरांसाठी किती वेळ बसला ते मी सांगू शकत नाही. आईनं दूध गॅसवर ठेवलं होतं ते उतू गेल्याचा वास आला, कोणी उठलं नाही. शेवटी दोन टकटक झाल्या. त्यांचं पूर्ण नाव दर्मो युवोनो, म्हणजे डी आणि वाय. मशीननं अर्थातच डी आणि झेड उमटवलं. सवयीनं मी पेन्सिल उचलली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि आपल्या हातानं झेड खोडून वाय केला. मग टोपी घेऊन गेले. पुन्हा आले नाहीत, आणि इबूंनी बोलावलंही नाही.

पुस्तक दोन वर्षांनी तिकडे एका लहान प्रकाशकानं छापलं. शेवटच्या पानाच्या तळाशी ती दोन बारीक अक्षरं तशीच ठेवायची, अशी इबूंची अट होती. वाचकांना ती छपाईची चूक वाटली, काहींनी तसं प्रकाशकाला कळवलंसुद्धा. त्यानंतर किनाऱ्यावरच्या एका शाळेतल्या शिक्षकाचं इबूंना पत्र आलं. त्यानं मुलांकडून शेवटचं प्रकरण गावासमोर मोठ्यानं वाचून घेतलं होतं. वाचन संपल्यावर मागच्या ओळीतल्या दोन म्हाताऱ्या उठल्या आणि त्यांनी एकेक नाव घेतलं. मग तिसरी उठली. चाळीस वर्षं त्या गावात ती नावं कुणी तोंडातून काढली नव्हती. गावच्या अधिकाऱ्यानं चौकशी केली तेव्हा शिक्षकानं सांगितलं, आम्ही फक्त एक गोष्ट वाचली. इबूंनी ते पत्र मला वाचून दाखवलं. मी तेव्हा कॉलेजात होते, बाबांची नोकरी पक्की झाल्यामुळे आम्ही त्याच घरात राहिलो होतो.

त्याच उन्हाळ्यात मानहाइमहून एका बाईचा फोन आला. सिंता नाव सांगितलं, पाक दर्मोंची मुलगी. इबूंनी फोन स्पीकरवर टाकला, त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. वडील वारले, ती म्हणाली. त्यांच्या उशाशी हे पुस्तक होतं, शेवटच्या पानावर दोन अक्षरांभोवती पेन्सिलीचं वर्तुळ, आणि आत इबूंचा नंबर. तिची आई जर्मन, वडिलांनी घरात आपल्या भाषेचा एक शब्दही कधी काढला नाही. "माझे वडील लेखक होते का?" तिनं विचारलं. "मला हे वाचता येत नाही."

इबू म्हणाल्या, "शनिवारी ये. दुपारी. एकटी ये."

ती आली. तिशीची, सायकलचं हेल्मेट हातात धरावं तशी पुस्तक धरून. इबूंनी तिला समोर बसवलं आणि मला कॉफी करायला सांगितली. "आधी मी तुला सगळं पुस्तक वाचून दाखवीन," त्या म्हणाल्या. "पहिल्या ओळीपासून. ते झाल्यावर त्या दोन अक्षरांचं सांगेन. त्याच्या उलट नाही." आणि चष्मा लावून त्या एकेक वाक्य जर्मन करत वाचू लागल्या. सिंता सहा शनिवार आली. मिठावरच्या पावलांपाशी ती दर वेळी आपल्या बुटांकडे बघायची. ती हसायची, विचारायची, एकदा तिनं डोळे पुसायला रुमाल मागितला. तिला वाटत होतं की आपल्या वडिलांच्या गावची गोष्ट आहे, आणि ते तसं खोटंही नव्हतं.

सहाव्या शनिवारी शेवटचं प्रकरण संपल्यावर मी उठून बाहेर गेले आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी कधी विचारलंही नाही. मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. आतून आधी इबूंचा आवाज येत होता, मग कुणाचाच नाही. दार उघडलं तेव्हा सिंताच्या हातात पुस्तक होतं, आणि जॅकेटची बटणं तिनं एक सोडून एक लावली होती. ती माझ्याजवळ थांबली, अगदी शांतपणे, पहिल्यांदाच या गल्लीत आल्यासारखी, आणि तिनं मला विचारलं की ट्रामचा थांबा कुठल्या बाजूला आहे.